जबड्याखालची गाठ, कानातली वाट

मुलगी सात वर्षांची. डाव्या जबड्याच्या कोनाखाली, कानाच्या पाळीपासून साधारण दोन बोटं खाली, लिंबाएवढी सूज. त्वचा लालसर आणि गरम, हात जवळ नेला तरी ती मान आखडून घ्यायची. आईने टेबलावर ठेवलेली फाइल तिच्या वयाच्या मानाने फारच जाड होती. गेल्या दीड वर्षात याच जागी तीनदा गळू झालं होतं. दोनदा चीर देऊन पू काढला गेला, तिसऱ्यांदा ते आपोआप फुटलं. दर वेळी अँटिबायोटिक्सनी सूज उतरली, जखम भरली, घरचे निश्चिंत झाले आणि चार-पाच महिन्यांत गाठ पुन्हा हजर. ही चौथी खेप होती.

फाइलमध्ये तीन वेगवेगळी निदानं होती. लसिकाग्रंथीचं गळू, पॅरोटिड लाळग्रंथीचा संसर्ग आणि शेवटच्या पानावर प्रश्नचिन्ह टाकून लिहिलेली क्षयाची गाठ. क्षयाची औषधं सुरू करावीत असा सल्लाही मिळाला होता. पण ट्यूबरक्युलिन चाचणी नकारात्मक होती, पुवाच्या तपासणीत क्षयाचे जंतू सापडले नव्हते आणि छातीचा एक्स-रे स्वच्छ होता, म्हणून आईवडील थांबले होते. यातल्या कुणालाही मी हलगर्जी म्हणणार नाही. लहान मुलाच्या मानेत गाठ दिसली की लसिकाग्रंथी हाच पहिला विचार असतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबरच ठरतो. चूक झाली ती पुढे. तेच गळू त्याच जागी दुसऱ्यांदा आलं, तेव्हा निदानाचा विचार पहिल्यापासून करायला हवा होता. तो कुणी केला नाही.

मीही केला नाही, निदान पहिल्या भेटीत तरी. त्या दिवशी मी मान तपासली, तोंड उघडून टॉन्सिल पाहिले, लाळनलिकेच्या तोंडातून पू येतो का ते गालावर दाब देऊन पाहिलं, दात पाहिले. कानात डोकावलो तेव्हा डाव्या कानात मळ होता. मूल रडत होतं, ओपीडीत गर्दी होती. 'डावा कान – मळ' एवढं लिहून मी पुढे गेलो. सोनोग्राफी सांगितली, औषधं दिली आणि आठवड्याने बोलावलं. त्या मळामागे निदान होतं. आमच्या शाखेच्या नावातच कान पहिला येतो, आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरने मळ न काढता कान सोडून द्यावा ही गोष्ट मला आजही बोचते.

सोनोग्राफीत पॅरोटिडच्या खालच्या टोकाला चिकटून जाड भिंतीची, आत गढूळ द्रव असलेली पोकळी दिसली. आजूबाजूच्या लसिकाग्रंथी थोड्या सुजलेल्या, पण त्यांचा आकार आणि मधला रक्तपुरवठा शाबूत. म्हणजे गळू लसिकाग्रंथी कुजून झालेलं नव्हतं. अगोदरच असलेल्या एखाद्या पोकळीत पू भरला होता. मग ती पोकळी तिथे आली कुठून?

दुसऱ्या भेटीत उत्तर आईकडून आलं, तेही जाता जाता. गाठ कधी वाढते, कधी कमी होते हे मी विचारत होतो. ती म्हणाली, "डॉक्टर, गाठ मोठी व्हायच्या आधी हिची उशी खराब होते. डाव्या बाजूला पिवळा डाग पडतो. कान वाहतो म्हणून आम्ही थेंब घालतो. कानाचे डॉक्टर म्हणाले, पडदा चांगला आहे, काळजी करू नका."

कानाची कागदपत्रं घरी वेगळ्या पिशवीत होती. मानेचे डॉक्टर वेगळे, कानाचे वेगळे. दोन्ही तक्रारी एका कागदावर कधी आल्याच नव्हत्या.

पडदा शाबूत असताना कान वाहतो, हे वाक्य कुठेही ऐकलं तरी थांबावं. कानातून पू येण्याच्या नेहमीच्या वाटा दोन. एक, मधल्या कानातून पडद्याच्या भोकावाटे. दुसरी, कानाच्या नळीच्या त्वचेलाच संसर्ग झाला तर. पडद्याला भोक नाही, नळीची त्वचा एरवी निरोगी, कान खाजत नाही, पोहण्याची सवय नाही, आणि तरीही महिन्या-दोन महिन्यांनी एकाच कानातून दुर्गंधी येणारा स्राव. मग पू तिसऱ्याच वाटेने येत असणार.

मुलीला आईच्या मांडीवर बसवलं. या वेळी घाई केली नाही. मायक्रोस्कोपखाली बारीक सक्शनने मळ थोडा थोडा काढला. पडदा मोत्यासारखा करडा, चमकदार, अगदी निरोगी. नळीचा बाहेरचा भाग कूर्चेचा असतो आणि आतला हाडाचा. हे दोन्ही जिथे जुळतात तिथे तळाशी टाचणीच्या टोकाएवढा खळगा दिसला, भोवती लालसर मऊ मांसाचा कणदार उंचवटा. मी डोळा मायक्रोस्कोपला लावूनच राहिलो आणि सहकारी डॉक्टरांना जबड्याखालच्या गाठीवर हलकेच बोट दाबायला सांगितलं. दोन-तीन सेकंद काहीच झालं नाही. मग त्या खळग्यातून ज्वारीच्या दाण्याएवढा दाट, पांढरट पिवळा थेंब वर आला आणि नळीच्या तळावर पसरला. बोट काढलं, थेंब थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा आला. जबड्याखालची गाठ आणि कान या एकाच वाटेची दोन टोकं होती.

पहिल्या ब्रँकियल क्लेफ्टची, म्हणजे भ्रूणाच्या मानेवरच्या पहिल्या खाचेची, ही जन्मजात विकृती होती.

भ्रूणाची मान घडते कशी, हे माहीत असलं की ही गाठ अनपेक्षित वाटत नाही. गर्भाच्या चौथ्या आठवड्यात डोकं आणि छाती यांच्यामध्ये, दोन्ही बाजूंना, आडव्या वळ्या उमटतात. या ब्रँकियल कमानी. दोन कमानींमध्ये बाहेरून खाच असते आणि आतून, घशाच्या बाजूने, कप्पा असतो. बाहेरून चार खाचा दिसतात. दुसरी कमान वेगाने वाढून खाली येते आणि दुसरी, तिसरी, चौथी खाच झाकून टाकते. आत कोंडलेली ती पोकळी पुढे नाहीशी होते. पहिली खाच मात्र टिकते, तिचीच कानाची बाहेरची नळी बनते. खाच पूर्ण मिटली नाही किंवा नळी घडताना तिचा एक फाटा खाली मानेकडे राहून गेला, तर कानापासून जबड्याच्या कोनापर्यंत एक जास्तीची वाट तयार होते. ती दोन्ही टोकांना उघडी राहिली तर फिस्टुला, एकाच टोकाला उघडी राहिली तर सायनस आणि दोन्हीकडून बंद होऊन आत स्राव साठला तर सिस्ट. आमच्या मुलीत वरचं टोक कानात उघडं होतं आणि खालचं आंधळं, फुगलेलं. खालच्या टोकाला सर्जननी दोनदा बाहेर वाट करून दिली, तिसऱ्यांदा ती स्वतःच फुटली.

ब्रँकियल विकृतींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक दुसऱ्या खाचेच्या असतात. त्यांची जागा ठरलेली, मानेच्या बाजूला, कानामागून छातीच्या हाडाकडे तिरक्या उतरणाऱ्या स्टर्नोमॅस्टॉइड स्नायूच्या पुढच्या कडेला. शिकताना आपण तेच चित्र पाठ करतो. पहिल्या खाचेच्या विकृती त्या मानाने थोड्याच, शेकडा एक ते चार असं सहसा सांगितलं जातं. त्यामुळे ही गाठ डोळ्यांसमोर असूनही मनात येत नाही. जागेचा एक ढोबळ त्रिकोण मात्र डोक्यात ठेवता येतो. वर कानाची नळी, पुढे हनुवटी, खाली हायॉइड हाड (जिभेच्या मुळाखालचं छोटं हाड). या त्रिकोणातलं पुन्हा पुन्हा उठणारं गळू किंवा न भरणारं छिद्र कान तपासल्याशिवाय सोडू नये.

या विकृतींचे दोन प्रकार वर्क या तज्ज्ञांनी 1972 मध्ये मांडले, आणि शस्त्रक्रियेच्या दृष्टीने तो भेद आजही उपयोगी आहे. पहिल्या प्रकारात फक्त भ्रूणाच्या बाह्यस्तराची, म्हणजे ज्यापासून त्वचा बनते त्या थराची, ऊती असते. ती कानाच्या नळीची जणू दुसरी प्रत, नळीला समांतर जाणारी, कानाच्या पुढे किंवा मागे, चेहऱ्याच्या नसेच्या (चेहऱ्याचे स्नायू हलवणाऱ्या मज्जातंतूच्या) बाहेरच्या बाजूला. दुसऱ्या प्रकारात भ्रूणाचा मध्यस्तरही सामील असल्याने भिंतीत कूर्चा सापडते. ही वाट जबड्याच्या कोनापासून निघून पॅरोटिडमधून कानाच्या नळीकडे जाते, आणि वाटेत चेहऱ्याच्या नसेशी तिचं नातं कसं असेल ते आधी सांगता येत नाही. वरून, खालून किंवा दोन शाखांच्या मधून, काहीही असू शकतं. आमच्या मुलीची विकृती या दुसऱ्या प्रकारात बसत होती.

ही गाठ दुसरं काही असती तर?

निदान समोर दिसत असतानाही बाकीच्या शक्यता मी एकेक करून बाजूला ठेवल्या. लहान मुलाच्या मानेतल्या पाणीदार गाठींमध्ये लिम्फॅटिक मालफॉर्मेशन, म्हणजे लसिकावाहिन्यांची जन्मजात गाठ, वारंवार भेटते. ती मऊ असते, कित्येक कप्प्यांची असते, आणि वरवर असेल तर टॉर्चचा उजेड तिच्यातून आरपार दिसतो. बहुधा दोन वर्षांच्या आतच ती लक्षात येते. इथे एकच कप्पा होता आणि भिंत जाड होती. डर्मॉइड सिस्ट (त्वचेच्या ऊतींची जन्मजात गाठ) बहुधा मध्यरेषेवर, हनुवटीखाली असते, ती कणकेसारखी लागते आणि सहसा पिकत नाही. पॅरोटिडच्या अर्बुदाची शक्यता सोनोग्राफीने बरीच मागे पडली होती. क्षयाच्या जंतूंचे भाऊबंद असलेल्या क्षयेतर मायकोबॅक्टेरियांमुळे लहान मुलांत नेमकं याच भागात जांभळट, न दुखणारं गळू होतं. इथे गळू दुखरं होतं, आणि सुईने काढलेल्या पुवात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा पू करणारा नेहमीचा जंतू वाढला. शिवाय यातली कुठलीच गाठ कानाच्या नळीत पू सोडत नाही.

जन्मजात गाठी नेहमीची जागा सोडून कुठे कुठे लपतात याबद्दल इथे थोडं विषयांतर करतो, कारण या मुलीसारखीच चूक दुसऱ्या जागांवरही होते.

सर्वांत जास्त हुकते ती चौथ्या, क्वचित तिसऱ्या कप्प्याची वाट. ती घशाच्या पायरीफॉर्म फोसातून, म्हणजे स्वरयंत्राच्या बाजूच्या खोलगट जागेतून, निघून थायरॉइडपाशी येते, आणि दहातल्या नऊ वेळा डाव्या बाजूला असते. अशा मुलाला मानेच्या खालच्या डाव्या भागात पुन्हा पुन्हा गळू होतं किंवा थायरॉइडमध्ये पू होतो. थायरॉइड ग्रंथीला संसर्ग सहजासहजी होत नाही. तिला भरपूर रक्तपुरवठा आहे, भोवती आवरण आहे, आत आयोडीन आहे. त्यामुळे लहान मुलाच्या थायरॉइडच्या डाव्या भागात पू दिसला की घशातून येणारी वाट शोधायलाच हवी. पुवात तोंडातले मिश्र जंतू वाढले तर संशय आणखी पक्का. संसर्ग शमल्यावर बेरियम गिळवून काढलेला एक्स-रे आणि भूल देऊन केलेली घशाची दुर्बीण तपासणी, या दोन्हींतून छिद्र सापडतं. दुसऱ्या खाचेची सिस्टही कधी खोल घशाच्या भिंतीपाशी असते. बेली या सर्जनच्या 1929 च्या वर्गीकरणातला हा चौथा प्रकार. मानेवर काहीच दिसत नाही, टॉन्सिल एका बाजूने पुढे ढकललेला असतो आणि त्याला टॉन्सिलचं गळू समजलं जातं. थायरोग्लॉसल सिस्ट, म्हणजे थायरॉइड जिभेच्या मुळापासून खाली उतरते त्या वाटेवर राहिलेली गाठ, मध्यरेषेवर असते असं आपण घोकतो. पण ती जिभेच्या मुळाशी असू शकते, किंवा मध्यरेषेपासून थोडी बाजूला सरकलेली, थायरॉइड कूर्चेच्या कडेला. जीभ बाहेर काढल्यावर ती वर सरकते का ते पाहणं आणि सोनोग्राफीत थायरॉइड ग्रंथी जागेवर आहे याची खात्री करणं, ही दोन कामं कधीच टाळू नयेत. नाहीतर काढलेली 'सिस्ट' हीच त्या मुलाची एकुलती एक थायरॉइड निघते.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हीच पाणीदार गाठ चाळिशीपुढच्या माणसाच्या मानेत नव्याने दिसली असती, तर मी जन्मजात हा शब्दच उच्चारला नसता. त्या वयात टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाचा एचपीव्ही या विषाणूशी निगडित कर्करोग लसिकाग्रंथीत उतरून तिला पाण्याची पिशवी बनवतो. थायरॉइडचा पॅपिलरी कर्करोगही तसंच करतो. सुईची तपासणी निर्दोष आली तरी तेवढ्यावर समाधान मानता येत नाही. अशा माणसाच्या आणि या मुलीच्या सोनोग्राफीचे अहवाल शब्दशः सारखे निघू शकतात. सात वर्षांच्या मुलीत मी कान शोधतो आणि पन्नाशीच्या माणसात टॉन्सिल.

आता या मुलीच्या उपचारांकडे. गळू भरलेलं असताना जाड सुईने पू ओढून घेतला. चीर मुद्दाम दिली नाही. प्रत्येक चिरेमागे व्रण वाढतो, ऊतींचे थर एकमेकांना चिकटतात, आणि पुढे त्याच चिकटलेल्या थरांमधून चेहऱ्याची नस शोधावी लागते. आधीच्या दोन चिरांनी ते काम अवघड करून ठेवलेलंच होतं. अँटिबायोटिक्सनंतर सूज पूर्ण बसायला आठ आठवडे दिले. या काळात आईवडिलांचे दोन-तीन फोन आले. आता तर गाठ दिसतही नाही, मग ऑपरेशन कशाला, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. मी त्यांना मायक्रोस्कोपमधून टिपलेला त्या थेंबाचा फोटो पुन्हा दाखवला. वाट तिथेच होती, फक्त रिकामी होती.

एमआरआय संसर्ग शमल्यावर केला. पॅरोटिडच्या खालच्या टोकाला दीड सेंटिमीटरची सिस्ट आणि तिथून वर, ग्रंथीच्या आतून कानाच्या नळीच्या तळापर्यंत गेलेली बारीक चमकदार रेघ. रेघ दिसली तरी नस दिसत नव्हती. पॅरोटिडच्या आत चेहऱ्याच्या नसेच्या शाखा नेहमीच्या एमआरआयवर भरवशाने दिसत नाहीत. म्हणून नस वाटेच्या वर की खाली, याचं उत्तर टेबलावरच मिळणार होतं. ही गोष्ट आईवडिलांना मी स्पष्ट शब्दांत सांगितली, ओठाची एक बाजू काही काळ कमजोर राहू शकते यासकट.

शस्त्रक्रियेत चीर पॅरोटिडच्या ऑपरेशनसारखीच घेतली, कानाच्या पुढून खाली येऊन जबड्याखाली वळणारी, आणि जुना व्रण त्यातच लंबगोल कापून घेतला. भूल देणाऱ्या डॉक्टरांशी आधीच ठरलं होतं की स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा अंमल पुढे राहता कामा नये, नाहीतर नर्व्ह मॉनिटर (नस डिवचली की स्नायूची हालचाल टिपणारं यंत्र) मुका होतो. कानातल्या खळग्यातून अश्रुनलिकेसाठी वापरतात ती बारीक सळई हलकेच आत सरकवली. ती जेमतेम सेंटिमीटरभर गेली. पण त्यामुळे वरचं टोक बोटाला लागत राहिलं. निळं रंगद्रव्य सोडण्याचा मार्गही आहे, मी तो टाळतो. सिस्ट फुटली की ऑपरेशनची सगळी जागा निळी होते आणि नस ओळखणं आणखी कठीण.

या ऑपरेशनचा एकच नियम मी मोडत नाही. आधी नस, मग वाट. गाठ धरून वर सोलत जाण्याचा मोह होतो आणि तिथेच नस कापली जाते. आम्ही ट्रॅगसच्या (कानाच्या भोकापुढच्या उंचवट्याच्या) कूर्चेचं टोक आणि जबड्याखालच्या डायगॅस्ट्रिक स्नायूचं मागचं पोट यांच्या आधाराने मूळ नस शोधली. लहान मुलात मॅस्टॉइडचं (कानामागच्या हाडाचं) टोक पुरतं वाढलेलं नसल्याने नस मोठ्या माणसापेक्षा वरवर असते, हे हातांना सतत बजावावं लागतं. व्रणांच्या पांढऱ्या तंतूंमध्ये तितकाच पांढरा पण थोडा चकाकणारा धागा दिसला. स्टिम्युलेटर अर्ध्या मिलिअँपिअरवर ठेवून टेकवला आणि ओठाचा कोपरा हलला. तिथून नस दोन मुख्य शाखांत फुटेपर्यंत मोकळी केली, मग खालच्या शाखेबरोबर पुढे गेलो. वाट त्या खालच्या शाखेच्या आतल्या बाजूने शिरून, दोन शाखांमधल्या फटीतून वर कानाकडे वळत होती. नस न शोधता गाठ ओढली असती, तर ही शाखा तिच्यासोबतच बाहेर आली असती.

शाखेच्या खालून वाट सोडवायला जवळपास तासभर लागला. वरच्या टोकाला कानाच्या नळीच्या तळाची थोडी त्वचा आणि कूर्चेचा तुकडा वाटेसकट काढला. तिथे कंजूषी केली की वाटेचा थोडासा भाग मागे राहतो आणि सगळं पुन्हा सुरू होतं. काही मुलांत नळीच्या तळापासून कानाच्या पडद्यापर्यंत एक पातळ पदर ताणलेला असतो. या मुलीत तो नव्हता. नळी आकसू नये म्हणून आत औषधी पट्टी भरून ती तीन आठवडे ठेवली.

पॅथॉलॉजीच्या अहवालात सिस्टला त्वचेसारख्या चपट्या (स्क्वॅमस) पेशींचं अस्तर, भिंतीत केसांची मुळं, तेलग्रंथी आणि कूर्चेची बेटं होती. क्षयाचा मागमूस नव्हता. वर्क यांचा दुसरा प्रकार म्हणतो ते सगळं त्या एका काचपट्टीवर होतं.

ऑपरेशननंतर हसताना तिचा खालचा ओठ डावीकडे नीट खाली येत नव्हता. नस अखंड आहे हे मला ठाऊक होतं, मॉनिटरने शेवटपर्यंत साथ दिली होती. तरीही ते वाकडं हसू पाहताना मला दर वेळी धस्स व्हायचं. सातव्या आठवड्यात ती आली, खुर्चीवर बसायच्या आधीच तिने आरशात बघून खालचे दात दाखवले. दोन्ही बाजू सारख्या.

आता दोन वर्षं होत आली. गाठ परत आलेली नाही, कान कोरडा आहे. नळीच्या तळाशी जिथून तुकडा काढला तिथे थोडी खोलगट जागा राहिली आहे, तिच्यात मळ साठतो. म्हणून दर सहा महिन्यांनी ती मायक्रोस्कोपखाली कान साफ करून घ्यायला येते. शेवटच्या भेटीत आईने दोन्ही पिशव्यांतले कागद एकाच फाइलला लावून आणले होते.